नवी बॅक आणि सासूबाईंचा हंडा

आमच्या सुहाससाठी मुलगी बघायला गडहिंग्लजला गेलो, तेव्हा तिला स्वयंपाक येतो का हे विचारायचं राहून गेलं. ती उजवीकडून खेळते की डावीकडून एवढं विचारलं, आणि साखरपुड्याची तारीख काढून परत आलो.

दोष माझा नाही. प्रश्न आमच्या ह्यांनी विचारला. हे शाळेत खेळाचे मास्तर. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. मुलगी पोहे घेऊन आली, मान खाली घालून बसली, आणि ह्यांनी सुरुवात केली.

"कॉलेजात हॉकी खेळत होतीस म्हणं?"

"व्हय."

"जागा कुठली?"

"बॅक. उजवी. डावी बी चालती."

ह्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं, की आमच्या लग्नात अंतरपाट सरकला तेव्हासुद्धा तसं बघितलं नव्हतं. सुहास बिचारा मुलीला काहीतरी विचारावं म्हणून घसा खाकरत होता. त्याला कुणी विचारलंच नाही. (नशीब त्याला ती पसंत होती. नसती तरी लग्न झालंच असतं.)

एवढी घाई कशासाठी, तर हंड्यासाठी.

हंडा माझ्या सासूबाईंचा. तांब्याचा, जुन्या घडणीचा, दोन घागरी पाणी सहज पोटात घेणारा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्या हंड्यावर तिघींचा डोळा होता : माझ्या थोरल्या जाऊबाई मालनअक्का, मी आणि आमच्या नणंदबाई रत्नावन्सं. सासूबाईंनी तिघींना पुढ्यात बसवलं.

"तुमी भांडून माझ्या तेराव्याचं जेवान नासवणार. त्यापरीस खेळून घ्या."

आमच्या घरात हॉकी सासऱ्यांपासून. दाराला अडसर म्हणूनसुद्धा मोडकी स्टिकच लावलेली. तेव्हा खेळून घ्या म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. सासूबाईंनी नियमही घालून दिले. दरवर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सामना : एका बाजूला आमच्या मंगळवार पेठेतल्या घरच्या सात बायका, दुसऱ्या बाजूला वन्संच्या सासरच्या सात. जिंकेल तिच्या घरी वर्षभर हंडा. बरोबरी झाली तर हंडा मूळ घरी, म्हणजे आमच्याकडं. आणि लागोपाठ तीन वर्षं जिंकेल, तिचा कायमचा.

मी सांगते आहे ती गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची अल्लड पोर होते. वन्सं लागोपाठ दोनदा जिंकल्या होत्या. हे तिसरं वर्ष.

आता आमच्या बचावाबद्दल सांगायला हवं. गोलच्या पुढं दोन बॅक असतात, त्यांनी समोरच्यांना अडवायचं. आमच्या दोन बॅक एकोणीस वर्षं त्याच : डावीकडं मी, उजवीकडं मालनअक्का. माझ्या मते ती जोडी माझ्यामुळं चालायची. मी ओरडायचे, मी धावायचे, चेंडू मैदानाच्या त्या टोकाला असला तरी तिकडं जाऊन त्याची चौकशी करून यायचे. मालनअक्का जागच्या हलायच्या नाहीत. दिवसाला चार शब्द बोलणारी बाई ती, त्यातले तीन "बरं". मी धावून दमून परत येईपर्यंत त्या आलेला चेंडू अडवून, बाजूला सारून, पदर खोचून उभ्या असायच्या. मला वाटायचं, चेंडू मला घाबरून गेला.

स्वयंपाकघरातही आमची तीच जोडी. भाकरी मी थापायची, तव्यावर अक्कांनी उलटायची. लोक माझ्या भाकरीची तारीफ करायचे आणि मी ती घ्यायचे.

अशा या घरात अश्विनी सून म्हणून आली. उंच, काटक, हात असे की पाट्यावरचा वरवंटा एका हातानं उचलावा. सत्यनारायण झाला, आणि मी तिला माजघरात बोलावून घरची रीत सांगितली.

"हे बघ, या घरात तीन गोष्टी पाळायच्या. मोठ्यांच्या पुढं पुढं करायचं नाही. मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही. आणि मोठ्यांनी एखाद्या कामाला हात घातला, की आपला हात मागं घ्यायचा. कळलं?"

"व्हय आत्या," अश्विनी म्हणाली.

हीच रीत मला माझ्या सासूबाईंनी सांगितली होती. मी ती एक दिवसही पाळली नव्हती. त्यामुळं कुणी ती खरोखर पाळील अशी शंकासुद्धा मला आली नाही.

दसरा झाल्यावर ह्यांनी लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेच्या पाठीवर संघ मांडला. बॅक : अश्विनी आणि मालनवहिनी.

"आणि मी?"

"तू राखीव."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकावर. लिंबू सरबत बघायचं."

मी दोन दिवस ह्यांच्या चहात साखर घालायला विसरले, एवढंच. तिसऱ्या दिवशी ह्यांनी पत्रिका पुन्हा काढली.

"बरं, तुझं काय म्हणणं हाय?"

"माझं काय असणार? पोरगी नवीन आहे. तिला सांभाळून घेणारं कुणीतरी शेजारी पाहिजे, एवढंच."

"वहिनी हायत की."

"अक्का बोलत्यात कुठं? पोरीला कळणार कसं?"

ह्यांनी उसासा टाकून मालनअक्कांचं नाव खोडलं आणि पुढं, समोरच्यांच्या गोलजवळ लिहिलं. एकोणीस वर्षांत अक्कांनी मैदानाची मधली रेघ ओलांडलेली नव्हती. त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापून तव्यावर टाकली आणि वाट बघत बसले. उलटायला कुणी आलंच नाही. अक्का चुलीपासून लांब, दाराजवळ बसून शेंगा सोलत होत्या.

"अक्का, भाकरी."

"मी पुढं," अक्का म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

मग शेजारी कोण, तर अश्विनी. ती तव्याकडं बघत होती, भाकरी करपायला लागलेली तिला दिसत होती, पण मी परात सोडून उलथन्याला हात घातलेला, म्हणून तिनं आपला हात मागं घेतलेला. त्या आठवड्यात आमच्या घरी सगळे भात खात होते.

मैदानावर सराव सुरू झाला, तिथंही असंच. अश्विनी एकटी असली की बघत राहावं. चेंडू असा अडवायची, जसं शेजारणीला दारातच "घरात कुणी नाही" म्हणून सांगावं. पण मी शेजारी उभी राहिले की पोरगी माझ्यापासून दोन पावलं मागं. चेंडू आमच्या दोघींच्या मधे आला की घोळ.

"आत्या, तुमचा," ती हळूच म्हणायची.

"घे की गं."

"न्हाय, तुमी घ्या आधी."

"अगं तुझ्या उजवीकडं हाय."

"असू दे. तुमी घेतल्याशिवाय बरं दिसत न्हाय."

तोवर चेंडू गोलात जाऊन निवांत पडलेला असायचा. ह्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

"हॉकी चाललीया का हळदीकुंकू?"

मी अर्थातच सगळं खापर सुनेवर फोडलं. शेजारच्या शेवंताबाईंना कट्ट्यावर बसून सांगितलं, "पोरगी मऊ आहे हो. गडहिंग्लजला काय शिकवत्यात कुणास ठाऊक. पण करीन मी तयार." शेवंताबाईंनीही मान हलवली. त्यांना हॉकीतलं काही कळत नाही, म्हणून त्या मला फार आवडतात.

सामन्याच्या दिवशी सकाळी वन्सं आल्या त्या वरातीसारख्या. पुढं त्यांची जाऊ डोक्यावर हंडा घेऊन, चिंचेनं घासून असा लखलखीत केलेला की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. तो खुर्चीवर ठेवला, फुलं वाहिली. आणि मागून एक गृहस्थ हातात पेटी घेऊन येऊन बाकावर बसले.

"हे पावणं कोण?" मी विचारलं.

"नाव घालणारं," वन्सं म्हणाल्या. "भांड्यांवर. मशीन घिऊनच आल्यात. म्हटलं, आज हंडा कायमचा हुणारच हाय, तर इथंच नाव घालून घ्यावं. परत कोण हेलपाटा मारतंय?"

त्या गृहस्थांनी मला नमस्कार केला आणि नम्रपणे विचारलं, "नाव 'रत्नाबाई' घालायचं का 'सौ. रत्नाबाई'?"

माझ्या अंगाची लाही झाली. मी सुहासची जुनी ट्रॅकपँट वर ओढली, ओढणीची गाठ मारली आणि मैदानात उतरले. कडेला अख्खी गल्ली. गडहिंग्लजहून आमचे व्याहीही लेकीचा खेळ बघायला आलेले, त्यांना मधोमध खुर्च्या दिलेल्या. विहीणबाई जरीकाठी नेसून आल्या होत्या.

सामना सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला वन्सं चेंडू घेऊन आमच्यावर चालून आल्या. वन्संचा देह असा की त्या धावल्या की वाटतं उसाची ट्रॉली उतारावरून येते आहे. पण ऐन वेळी त्यांच्या स्टिकवरून चेंडू निसटला आणि अश्विनीच्या आणि माझ्या बरोबर मधे येऊन थांबला.

"आत्या, तुमचा."

"घे गं."

"तुमी घ्या."

"अगं घे म्हटलं ना."

वन्सं आमच्यासमोर कमरेवर हात ठेवून क्षणभर थांबल्या. "कुणीच घेत न्हाईसा, तर घेऊ का मी?" म्हणाल्या, आणि चेंडू घेतला, आणि गोल केला. शून्य-एक.

दुसऱ्या गोलची कथा मी आजवर वेगळी सांगत आले. आज खरी लिहिते. चेंडू आमच्या गोलसमोर आला, अश्विनी नीट त्याच्यामागं आली, तिनं स्टिक उगारली. तेवढ्यात मला वाटलं, हिला एकटीला जमायचं नाही. मी बाजूनं स्टिक घातली. मी हात घातल्याबरोबर पोरीनं आपली स्टिक मागं घेतली, रीतीप्रमाणं. मग चेंडू माझा एकटीचा. मी जीव खाऊन मारला. फटका सुरेख बसला. दिशा तेवढी आमच्याच गोलची होती.

शून्य-दोन. बाकावर नाव घालणाऱ्यांनी पेटी उघडली.

मध्यंतरात सरबताचे पेले फिरले. खुर्चीवर हंडा चमकत होता. मला सासूबाईंचा हात आठवला, पहाटे तो हंडा बंबाशेजारी सारणारा. वर्षभर तो घरात नसला तर चालतं, पुढच्या वर्षी येईल म्हणता येतं. पण कायमचा जाणार म्हटल्यावर पेला हातातच राहिला. माझे डोळे भरले. ते लपवायला मी सुनेवर खेकसले.

"अगं, तोंड हाय का न्हाय तुला? ओरडायचं, मागायचं, मधे घुसायचं."

हेही जवळ आले. "खरंच गं पोरी, तुझे मास्तर तर सांगत होते, ही ओरडली की एस.टी. स्टँडवरची माणसं वळून बघायची. आवाज कुठं गेला?"

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"आत्यांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

तिनं धडा म्हणून दाखवावा तसं म्हणून दाखवलं. मोठ्यांच्या पुढं पुढं करायचं नाही. मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही. मोठ्यांनी हात घातला की आपला हात मागं घ्यायचा.

अख्खा संघ माझ्याकडं वळला. ह्यांच्या हातातली शिट्टी सुटली. फक्त मालनअक्का बोलल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. इतकं लांबलचक "बरं" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मी पेला खाली ठेवला. "अश्विनी, ऐक. शिट्टी वाजेपर्यंत मी तुझी सासू न्हाय. समज मी कॉलेजातली मैत्रीण. काय म्हणायचं ते म्हण."

"कॉलेजात आमी नावानं ओरडत होतो आत्या."

"मग नावानं ओरड."

"नुसतं नाव? बाई न्हाय, ताई न्हाय?"

"नुसतं नाव. हंडा चाललाय गं माझ्या सासूचा."

इथं एक सांगते. लग्न झाल्यापासून मला नावानं कुणी हाक मारलेली नव्हती. ह्यांची मी "अगं", सुहासची आई, वन्संची वहिनी, गल्लीची काकू. त्यामुळं दुसरा डाव सुरू झाल्याबरोबर मैदानावर "सुलोचना, डावीकडं!" अशी आरोळी उठली, तेव्हा मी आजूबाजूला बघितलं की ही कोण नवीन बाई संघात आली.

"सुलोचना, तुलाच म्हणतोय, डावीकडं!"

मी डावीकडं गेले. जायलाच लागलं, तो आवाज तसाच होता. कडेला विहीणबाईंनी जरीचा पदर तोंडावर ओढून घेतला. व्याही खुर्चीतून अर्धे उठले आणि काय करावं न कळून हात जोडून तसेच राहिले. वन्सं तर धावायचं सोडून हसत होत्या, आणि त्या हसत होत्या तेवढ्यात अश्विनीनं त्यांच्या स्टिकवरून चेंडू हातानं उचलावा तसा काढून घेतला.

"सुलोचना, बाजूला हो!"

मी बाजूला झाले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या जागेतून चेंडू सरळ निघाला तो थेट पुढं, मालनअक्कांच्या पायाशी. अक्कांनी इकडंतिकडं बघितलं, पदर खोचला, आणि भाकरी तव्यावरून टोपलीत सरकवावी तसा चेंडू गोलात सरकवला. एक-दोन.

ह्यांना तेवढ्यात सगळं उमगलं. "वहिनी, मागं या," हे ओरडले. "उजवीकडं अश्विनी, डावीकडं तुमी."

"आणि मी?"

"तू पुढं जा."

"किती पुढं?"

"जाशील तितकी जा."

मागं वळून बघितलं, आणि माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. अक्का आणि अश्विनी, दोघी, न बोलता. एकीनं अडवायचं, दुसरीनं उचलायचं. वन्सं तीनदा चालून आल्या आणि तिन्ही वेळा रिकाम्या हातानं परत गेल्या. मी लांब उभी राहून बघत होते. धावत नव्हते, ओरडत नव्हते, आणि बचाव चालला होता. तो किती वर्षं असा चालला असता, हा हिशेब मी त्या दिवशी मुद्दामच केला नाही.

शेवटचं मिनिट आलं. मी वन्संच्या गोलसमोर स्टिकवर रेलून दम खात होते. मागं अक्कांनी चेंडू अडवला, अश्विनीला दिला, अश्विनी मधली रेघ ओलांडून पार समोरच्या गोलपर्यंत धावत आली आणि तिनं नेम धरला. मधे मी.

"सुलोचना, बाजूला हो!"

एव्हाना मी आज्ञाधारक झाले होते. पण उजवी बाजू का डावी, ते तिनं सांगितलं नाही. मी उजवीकडं झाले. चेंडूही उजवीकडंच आला. माझ्या स्टिकला लागला, मी देवाचं नाव घेऊन डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा वन्संची गोलकीपर एका कोपऱ्यात पडली होती आणि चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात.

दोन-दोन. बरोबरी. हंडा मूळ घरी.

पुढं काय झालं ते धड आठवत नाही. ह्यांनी सर्वांसमोर मला मिठी मारली. व्याह्यांनी अजून जोडलेलेच हात आणखी घट्ट जोडले. अश्विनी येऊन पाया पडली आणि रडायला लागली, "आत्या, माफ करा, लई अरेतुरे केलं." मी तिला उठवलं आणि विहीणबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "अगं, मी मुद्दाम उजवीकडं झाले होते." शेवंताबाईंनी मान हलवली.

या गडबडीत बाकाकडून टर्र टर्र आवाज येत होता, तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. घरी आल्यावर हंडा बंबाशेजारी ठेवला, वळवला, आणि त्यावर ताजं कोरलेलं दिसलं. मशीन घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून मालनअक्कांनी त्याला मजकूर सांगितला होता. आयुष्यात पहिल्यांदा अक्का एक अख्खं वाक्य बोलल्या, आणि तेही कोरून घेतलं. (वन्संनी हंडा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला होता, हे मागाहून कळलं.) हंड्याच्या पोटावर, ठसठशीत अक्षरांत, 'सुलोचना, बाजूला हो'.

"अक्का, हे काय?" मी विचारलं.

अक्का तव्यासमोर बसल्या होत्या. "थाप," त्या म्हणाल्या, आणि उलथनं हातात घेतलं.

त्यानंतर हंडा आमच्या घरातून हललेला नाही. बॅकची जोडी अश्विनी आणि अक्का. माझी जागा पुढं, जाईन तितकी. दर दिवाळीला हंडा चिंचेनं मीच घासते. हंडा लख्ख होतो, अक्षरं त्याहून. आमची नात ओवी यंदा पहिलीत गेली. पाटीवर अजून अडखळते, पण परवा न्हाणीघरात उभी राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं ते अख्खं वाक्य खणखणीत वाचलं. आवाज आईचा घेतलाय.

घरभर सगळ्यांनी कौतुक केलं. मी तेवढी करू शकले नाही, कारण हातात परात घेऊन मी तोवर बाजूला होऊन भिंतीला लागून उभी राहिले होते.